राज्याचा आपल्यावर हक्क कुठून येतो?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

आपल्या नंदुरबारात पावसाळ्याच्या उत्तरार्धात तीन दिवस लागोपाठ येतात. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन, १५ ऑगस्टला झेंडावंदन आणि ९ सप्टेंबरला शहीद शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांचा स्मृतिदिन. तिन्ही दिवशी मिरवणुका, भाषणं, स्टेटस. आणि याच दिवसांत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडे बदलतात, आशय तोच: "सरकार रेशन देतं, घरकुल देतं, आश्रमशाळा देतं, शिष्यवृत्ती देतं. एवढं देऊनही हे लोक मोर्चे कशाला काढतात?"

हा मेसेज टाकणारे सगळेच खवचट असतात असं नाही. बऱ्याच जणांना खरोखर प्रश्न पडलेला असतो. म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. मला विचाराल तर हा प्रश्न मुळात आदिवासींबद्दलचा नाहीच. तो राज्याबद्दलचा आहे. राज्य म्हणजे काय, त्याला आपल्यावर हुकूम चालवायचा हक्क कुठून मिळाला आणि आपण ते का ऐकायचं, हा तो प्रश्न आहे.

राज्य म्हणजे फक्त मुंबईतलं मंत्रालय नाही. तलाठ्याचा दप्तर, फॉरेस्ट गार्डची काठी, पोलीस ठाणं, कोर्टाचं समन्स, भूसंपादनाची नोटीस, हे सगळं राज्य. मॅक्स वेबर या जर्मन विचारवंताने १९१९ मध्ये एका भाषणात राज्याची व्याख्या केली. एका भूभागावर बळ वापरण्याचा रास्त हक्क फक्त आपलाच, असा दावा जो यशस्वीपणे करतो ते राज्य. यात "बळ" हा शब्द सगळ्यांना कळतो. अडचण "रास्त" या शब्दाची आहे. बंदूक दरोडेखोराकडेही असते. मग दरोडेखोराने जमीन घेतली तर तो गुन्हा आणि सरकारने घेतली तर भूसंपादन, हा फरक कशामुळे पडतो?

याची जगात साधारण तीन उत्तरं दिली गेली. तिन्ही आपल्या जिल्ह्यात घासून बघू.

पहिलं उत्तर भीतीचं. राज्य नसेल तर मोठा मासा छोट्या माशाला खाईल. आपल्याकडे याला मत्स्यन्याय म्हणतात. महाभारताच्या शांतिपर्वात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो विचार आहे. इंग्लंडमध्ये थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये जवळपास हेच मांडलं. राज्य नसेल तर जो तो दुसऱ्याच्या उरावर बसेल, म्हणून सगळ्यांनी एका सत्तेपुढे मान तुकवावी.

आता सातपुड्यात या. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर पिढ्यानपिढ्या पोलीस ठाणं नव्हतं. तरी लोक एकमेकांचे गळे कापत बसले नव्हते. भांडण झालं तर पंच बसायचे, गाव जमायचं, दोन्ही बाजू ऐकून दंड ठरायचा. कुणाचं घर बांधायचं, कुणाचं शेत निंदायचं तर लाह होते: सगळे येतात, मजुरी कुणी घेत नाही, घरधनी जेवू घालतो. जयपालसिंह मुंडा यांनी डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत सांगितलं होतं की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडूनच शिकायची आहे. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

पण भाबडेपणा नको. याच डोंगरात डाकीण ठरवून बाईला मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. त्या बाईला पंचांपासून वाचवणारं कुणीतरी हवंच. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तिच्यासाठी आहे आणि तिथे राज्य यायलाच पाहिजे. म्हणजे हॉब्ज साफ चुकला असं मी म्हणत नाही. मत्स्यन्याय खरा आहे. प्रश्न एवढाच की आपल्याकडे तो सगळ्यात जास्त कुठे होता?

तो खाली सपाटीवर होता. शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत. १९७० च्या आसपास इथला भिल्ल सालदार वर्षाच्या कराराने राबायचा आणि वर्ष संपलं तरी कर्जातून सुटायचा नाही. त्याच्या बापाच्या नावावरची जमीन कागदांच्या खेळात दुसऱ्याच्या नावावर गेलेली. शेतमालकांच्या पीक संरक्षण सोसायट्या होत्या, त्यांचे पगारी राखणदार होते. बळ वापरायचा हक्क फक्त राज्याचा, असं वेबर म्हणतो. इथे खाजगी राखणदार बळ वापरत होते आणि राज्य बघत होतं. १९७१ मध्ये पाटीलवाडीचं प्रकरण घडलं. मग अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्यासोबत आलेल्या शिकलेल्या तरुणांनी १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी केली. गेलेल्या जमिनी परत, सालदाराला रास्त मजुरी, या मागण्या होत्या. त्यात एकही मागणी कायद्याबाहेरची नव्हती. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा, म्हणजे लोक रस्त्यावर आल्यानंतरचा. त्याआधी संत गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात याच भागात दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना "आप" म्हणा, असं सांगून हजारो माणसांना ताठ उभं केलं होतं. सरकारने नव्हे.

म्हणजे गंमत बघा. सपाटीवर गरिबाला राज्याची गरज होती, तिथे ते हाकेच्या अंतरावर असूनही आलं नाही. डोंगरात कुणी बोलावलं नव्हतं, तिथे मात्र ते जंगलाच्या हद्दीचे दगड रोवत पोहोचलं.

दुसरं उत्तर फायद्याचं. राज्य आपल्याला सोयी देतं, म्हणून त्याचं ऐकायचं. व्हॉट्सॲपचा मेसेज याच उत्तरावर उभा आहे.

हे उत्तर नंदुरबारच्या माणसाने तरी देऊ नये, असं मला वाटतं. ताप्ती खोऱ्यातली रेल्वे नंदुरबारला इंग्रजांच्या काळातच आली. पोस्ट आलं, कोर्ट आलं, शाळा आली. सोयी मोजायच्या तर इंग्रजी राज्याच्या खात्यावर पुष्कळ निघतील. तरीही ९ सप्टेंबर १९४२ ला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता तिरंगा घेऊन मिरवणुकीत चालला. पोलिसांनी गोळ्या घातल्या. तो गेला आणि त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा ही पोरं गेली. त्यांना कुणी म्हणू शकलं असतं, "अरे, सरकार एवढं देतं, मिरवणुका कशाला काढता?" आपण असं म्हणत नाही. आपण त्यांच्या स्मारकाला हार घालतो. कारण आपल्याला मनातून ठाऊक आहे की सोयी दिल्याने हक्क मिळत नाही. चांगला चारा घालणारा मालकसुद्धा मालकच असतो.

फायद्याच्या उत्तरात आणखी एक अडचण आहे. फायदा कुणाचा आणि किंमत कुणाची? सरदार सरोवर घ्या. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला. पाण्याची वाटणी अशी: मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५ आणि महाराष्ट्र ०.२५ दशलक्ष एकर-फूट. वीज मध्य प्रदेशला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७, गुजरातला १६. कच्छ-सौराष्ट्राच्या तहानलेल्या गावांना पाणी मिळालं, ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण या हिशेबात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडितात गेली. जास्त लोकांचं भलं होतंय म्हणून थोड्यांनी सोसावं, हे ऐकायला बरं वाटतं. मात्र "थोडे" कोण हे दर वेळी तेच लोक ठरवतात जे स्वतः त्या थोड्यांत नसतात.

तिसरं उत्तर संमतीचं, म्हणजे कराराचं. मला हेच सगळ्यात भक्कम वाटतं. हे फक्त पाश्चात्त्यांचं नाही. दीघ निकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात बुद्धांनी राज्याच्या जन्माची गोष्ट सांगितली आहे. शेतांना बांध पडले, चोऱ्या सुरू झाल्या, तेव्हा लोकांनी एकत्र येऊन आपल्यातलाच एक माणूस निवडला. तू चुकणाऱ्याला शासन कर, आम्ही तुला आमच्या भातातला वाटा देऊ. त्याचं नाव पडलं महासंमत, म्हणजे सगळ्यांच्या संमतीने झालेला. यात देव नाही, वंश नाही. काम आहे आणि कामाचा मोबदला आहे. काम केलं नाही तर वाटा कशाचा?

इंग्लंडमध्ये जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या शेवटी हाच विचार सविस्तर मांडला. पण त्याला एक शंका आली. आपण कुणीच राज्याशी सही करून करार केलेला नसतो, मग संमती कधी दिली? त्यावर तो म्हणाला की संमती मूक असते. राज्याच्या हद्दीत राहिलात, नुसतं त्याच्या राजरस्त्यावरून बिनघोर चाललात, तरी तुम्ही संमती दिलीत.

हे वाचताना मला धडगावकडचे पाडे आठवतात. बाळंतीण अडली की तिला बांबूच्या झोळीत घालून चार माणसं डोंगर उतरवतात, कारण गाडी येईल असा रस्ताच नाही. लॉकच्या हिशेबाने या बाईने कशावरून संमती दिली? ज्या रस्त्यावरून चालायचं, तो रस्ताच राज्याने केला नाही. तरी जंगलाचा कायदा तिला लागू, भूसंपादन लागू, सगळं लागू.

बरं, मूक संमती सोडा. नर्मदाकाठच्या लोकांच्या बाबतीत तर करार लेखी होता. लवादाच्या त्याच निवाड्यात विस्थापितांसाठी अटी घातल्या होत्या. ज्याची पाव हिश्श्याहून जास्त जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, कमीत कमी दोन हेक्टर. सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पाणी चढायच्या आधी एक वर्ष पुनर्वसन पूर्ण झालेलं असलं पाहिजे. हे आंदोलनाच्या पत्रकातलं वाक्य नाही. राज्यांनी ज्याच्या बळावर आपापलं पाणी आणि वीज घेतली, त्याच कागदातल्या या अटी आहेत.

मग झालं काय? १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं तेव्हा पुनर्वसन पूर्ण नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात चिंचखेडीत सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि रेहमल वसावे हा मुलगा गेला. वय पंधरा. शिरीषकुमारचंही पंधराच होतं. दोन्ही घटना सारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. एक परकं राज्य होतं, दुसरं आपण मतदान करून निवडलेलं. पण म्हणूनच दुसरी घटना जास्त बोचायला हवी.

जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले आणि १९९३ मध्ये उरलेलं कर्ज थांबलं. १८ ऑक्टोबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाने धरणाला परवानगी दिली, पण पुनर्वसनाची अट सोडली नाही. पुढे उंची टप्प्याटप्प्याने वाढली. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि २०१९ मध्ये धरण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. एवढ्या सगळ्या वर्षांत पाण्याने कधी उशीर केला नाही. उशीर केला तो जमिनीने.

सरकारची बाजूही सांगतो. जमीन द्यायचा प्रयत्न झाला. तळोद्याचं सुमारे ४,२०० हेक्टर जंगल त्यासाठी मोकळं केलं गेलं. सोमावल, रोझवा अशा वसाहती उभ्या राहिल्या. आज तिथली मुलं शिकून नोकरीला लागली आहेत, हेही खरं. पण ते तळोद्याचं जंगल तरी रिकामं होतं का? तिथेही आदिवासीच वर्षानुवर्षं शेती करत होते. म्हणजे एका आदिवासीला दिलेला शब्द पाळायला दुसऱ्या आदिवासीच्या ताटातलं काढावं लागलं. आणि ज्याच्या ताटातलं काढलं त्याला सरकारी भाषेत नाव काय? अतिक्रमणदार.

हा शब्द जरा थांबून बघा. आजोबापासून कसत असलेल्या जमिनीवर नातू अतिक्रमणदार कसा झाला? जंगलाच्या हद्दी इंग्रजांनी आखल्या, तेव्हा आत राहणाऱ्या माणसाची कागदावर नोंद झाली नाही. माणूस जागचा हलला नव्हता. रेषा त्याच्या अंगावरून गेली. लॉक तर म्हणतो की ज्याने घाम गाळून जमीन कसली, त्याची ती झाली. त्या न्यायाने सातपुड्यातल्या माणसाचा हक्क कुठल्याही सातबाऱ्यापेक्षा जुना ठरतो.

आणि इथे आपल्या राज्याने एक मोठी गोष्ट केली, ती मान्य केली पाहिजे. २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या प्रास्ताविकात संसदेने कबूल केलं की इंग्रजांच्या काळात आणि स्वतंत्र भारतातही वनात राहणाऱ्यांचे हक्क नीट मान्य झाले नाहीत आणि त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. स्वतःचा अन्याय स्वतःच्याच कायद्यात लिहिणारी राज्यं जगात फार नाहीत. मला हा भारतीय राज्याच्या नैतिक पायातला एक पक्का दगड वाटतो.

पण कबुली दिली की काम संपत नाही, सुरू होतं. कायदा सांगतो: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्या, चार हेक्टरपर्यंत हक्क मिळेल. दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समितीत, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीत. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाबसुद्धा पुरावा धरायचा. दावा फेटाळला तर कारणासह लेखी कळवायचं आणि ६० दिवसांत वर दाद मागता येते. आता पाड्यावर जाऊन विचारा: किती जणांना आपला दावा फेटाळल्याचं कारण लेखी मिळालं? क्षेत्र चार एकर कसताना कागदावर काही गुंठे आले, ते का, हे किती जणांना कुणी समजावून सांगितलं? मोर्चे याच्यासाठी निघतात, भाऊ. रेशनसाठी नाही. जे राज्याने स्वतः लिहून दिलं ते पाळा, एवढंच सांगायला माणसं बिऱ्हाड घेऊन पायी चालत येतात.

आता शेवटचा मुद्दा, ओळखीचा. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पंतप्रधान स्वतः आले होते. आपल्याला अभिमान वाटला. तेव्हापासून आपण राज्यापुढे आपली ओळख पटवतोच आहोत: अंगठा, डोळे, ओटीपी, केवायसी. मजुरी करून रेषा पुसलेला अंगठा मशीनवर उमटला नाही की रेशन अडतं. नागरिकाने आपली ओळख पटवावी, हरकत नाही. पण कराराला बाजू दोन असतात. राज्याने त्याची ओळख कधी पटवायची? "मीच ते राज्य, ज्याने १९७९ मध्ये तुला शब्द दिला होता," असं म्हणत कोणता अधिकारी अंगठा लावतो?

आणि या सगळ्यात आपलं नाव बदललं, ते आपल्या लक्षातही आलं नाही. संविधानात आपण नागरिक आहोत. सरकारी फ्लेक्सवर आपण लाभार्थी आहोत. नागरिक हिशेब मागतो. लाभार्थी आभार मानतो. "सरकार एवढं देतं" हे वाक्य लाभार्थ्याचं आहे.

सपाटीवरच्या माझ्या शेतकरी मित्रांनो, हे सगळं डोंगरातल्यांपुरतंच आहे असं समजू नका. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेज झाले, पाणी अडलं. पण ते शेतात आणणाऱ्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं बंद पडून राहिल्या. पाणी डोळ्यांपुढे आणि पीक कोरडं, हे तुम्ही भोगलं आहे. तुम्हालाही शब्द दिला होता. डोंगरातल्या माणसाला दिलेला शब्द मोडला तरी चालतं, अशी सवय राज्याला एकदा लागली की ती सवय डोंगर उतरून खाली येते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. राज्याचा हक्क बंदुकीतून येत नाही आणि योजनांतूनही येत नाही. तो दिलेला शब्द पाळण्यातून येतो. त्यातही बलवानाला दिलेला शब्द पाळण्यात काही विशेष नाही. मोठ्या कंपनीचा करार मोडला तर ती वकिलांची फौज घेऊन कोर्टात उभी राहते, राज्याला पाळावाच लागतो. ज्याच्याकडे वकील नाही, कागद नाही, रस्ता नाही, त्याला दिलेला शब्द राज्य पाळतं का? राज्य रास्त आहे की नुसतं बळकट आहे, हे तिथे कळतं. ती परीक्षा घ्यायची जागा दिल्ली-मुंबई नाही, आपला जिल्हा आहे.

करायचं काय? तीन साध्या गोष्टी सुचवतो. आपल्या गावच्या ग्रामसभेला जा. पेसा कायदा १९९६ चा आहे आणि महाराष्ट्राचे नियम २०१४ चे, त्यात ग्रामसभेला खरोखर अधिकार आहेत, ते वाचा. ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ मध्ये खाणीला नाही म्हटलं आणि खाण थांबली. दुसरं, ओळखीत कुणाचा वनहक्क दावा अडकला असेल तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांची मुदत चुकवू नका. तिसरं, पुढच्या वेळी तो मेसेज ग्रुपवर आला तर भांडू नका. फक्त एक प्रश्न टाका: "सरकारने काय दिलं ते कळलं. जे लिहून दिलं होतं, त्यातलं किती पाळलं?"

तुमच्या गावात, पाड्यात, वसाहतीत राज्याने लिहून दिलेला आणि न पाळलेला कोणता शब्द आहे? कमेंटमध्ये लिहा. पाळलेला असेल तर तोही लिहा, त्याचीही नोंद राहू द्या. सहमत नसाल तर तेही मोकळेपणाने सांगा, फक्त शिवीगाळ नको.

जय संविधान. आप की जय.